पोन्सेचा लाल-काळा बंबखाना

आज एका शब्दापासून सुरुवात करतो. माझ्या लहानपणी आगीच्या गाडीला कुणी फायर इंजिन म्हणत नसे. 'बंब आला, बंब आला' असं ओरडत आम्ही पोरं रस्त्यावर धावायचो. बंब ठेवायची जागा म्हणजे बंबखाना. हा 'बंब' पोर्तुगीज 'बोंबा'वरून, म्हणजे पंप या अर्थाच्या शब्दावरून, मराठीत आला असं मानतात. स्पॅनिशमध्येही पंपाला बोंबाच म्हणतात. म्हणून कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको बेटावरच्या एका इमारतीचं नाव 'पार्के दे बोंबास' आहे, हे वाचलं तेव्हा मला भाषांतराची गरजच पडली नाही. बंबखाना!

हा बंबखाना आहे पोन्से शहरात, बेटाच्या दक्षिण किनाऱ्याजवळ. तेव्हा तिथे स्पेनचं राज्य होतं. २७ फेब्रुवारी १८२० रोजी आग लागली आणि तेव्हाचं लहानसं पोन्से जवळजवळ पूर्ण जळालं. लाकडी घरं एकमेकांना लागून असली की हातातल्या बादल्यांनी काय होणार?

मग १८२३ मध्ये गव्हर्नर मिगेल दे ला तोरे यांनी हुकूम काढला: १६ ते ६० वयाच्या प्रत्येक पुरुषाने आग विझवायला यायचं, आणि अवजारंही स्वतःचीच आणायची. म्हणजे बघा, बंबखाना नव्हता, पगारी माणूस नव्हता. अख्खं गावच सक्तीने अग्निशमन दल झालं.

पण सक्तीने माणसं जमतात, दल तयार होत नाही. हातपंपाचंच उदाहरण घ्या. दांड्याच्या दोन्ही टोकांना माणसं उभी राहतात. एक बाजू खाली, दुसरी वर, असं एका लयीत चालवलं तरच पाण्याची धार सलग लागते. लय चुकली की धार तुटली. त्यासाठी सराव हवा, ओळख हवी, जमायला ठरलेली जागा हवी. १८८३ मध्ये पोन्सेत दलाची नव्याने, शिस्तशीर उभारणी झाली, आणि जागेचा प्रश्न आला.

जागा मिळाली ती गमतीशीर. १८८२ मध्ये शहरात मोठं प्रदर्शन भरलं होतं. त्यासाठी भर चौकात, कॅथेड्रलच्या मागे, एक लाकडी मंडप बांधला होता. अरबी धाटणीच्या कमानी, दोन मनोरे, आणि अंगावर लाल-काळे पट्टे. आराखडा मॅक्सिमो मेआना यांचा. प्रदर्शन संपलं, मंडप उरला. १८८५ पासून तिथे बंब उभे राहिले. जत्रेसाठी बांधलेली ही वास्तू पुढे १९९० पर्यंत अग्निशमन केंद्र होती! आज तिथे संग्रहालय आहे.

आता खरी गोष्ट. १८९८ च्या युद्धात स्पेन हरला आणि बेटावर अमेरिकी सैन्य आलं. २५ जानेवारी १८९९ रोजी पोन्सेत सैन्याच्या दारूगोळ्याच्या कोठाराजवळ आग भडकली. कोठार पेटलं असतं तर शेजारची वस्तीही गेली असती. लष्कराचा हुकूम होता: लांब राहा. सात बंबवाले आणि एक साधा नागरिक यांनी तो मोडला, आत शिरले आणि आग विझवली. शहर वाचलं.

इथे मी जरा थांबतो. तो हुकूम मूर्खपणाचा नव्हता. पेटत्या दारूगोळ्यापासून लांबच राहावं, हे आजही शिकवतात. पण सैन्याला कोठार आणि आपली माणसं दिसत होती. बंबवाल्यांना पलीकडची घरं दिसत होती, आणि त्या घरांत त्यांचीच मुलंबाळं होती. शहराने ते लक्षात ठेवलं. चौकात स्मारक उभारलं, एका रस्त्याला '२५ जानेवारी' हे नाव दिलं, तिथली घरं दलातल्या माणसांना दिली. ती घरंही लाल-काळ्या पट्ट्यांची आहेत.

अशी प्रत्येक गोष्ट सुखाने संपत नाही, हे आपल्याला माहीत आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाला आग लागली. आत कापसाच्या गासड्या होत्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं. बंबवाले शेवटपर्यंत पाणी मारत राहिले. स्फोट झाले आणि दलाचे ६६ जवान गेले. देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात, तो त्यांच्यासाठी.

पोन्सेत आठ जण वाचले, मुंबईत ६६ गेले. आत शिरताना दोघांनाही शेवट ठाऊक नव्हता. १८२३ च्या हुकुमाने माणसं आगीकडे ढकलली होती. १८९९ मध्ये हुकूम उलटा होता, तरी माणसं आगीकडेच गेली. मला वाटतं, मधल्या वर्षांत बंबखान्याने घडवलं ते हेच.

तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा की बेळगावला, तुमच्या गावातही जुना बंबखाना असेल. एकदा जाऊन बघा. तिथल्या माणसांना विचारा, सगळ्यात जुनी गाडी कुठली आणि सगळ्यात मोठी आग कुठली. सांगतील ते लिहून ठेवा. भेटू पुढच्या भागात.