वहीतली नोंद आणि शोधनिबंध

मुळशी तालुक्यातल्या माण गावातील एका विज्ञान-शिक्षिकेने मागच्या वर्षी आमच्यापुढे एक वही ठेवली. नववीच्या मुलांनी घरोघरी विचारून केलेली पाहणी तिच्यात होती. जिभेच्या दोन्ही कडा वर वळवून जिभेची पन्हळ कोणाला करता येते, कोणाला येत नाही, आईला येते का, वडिलांना येते का, भावंडांना येते का, अशा त्या नोंदी. माण हे हिंजवडीला लागून असलेले गाव. जुन्या शेतकरी घरांबरोबरच माहिती-तंत्रज्ञान उद्योगामुळे दूरदूरहून आलेली कुटुंबेही आता तिथे राहतात. वहीत दोन्हीकडची मुले होती.

बाईंचा प्रश्न सरळ होता. "आनुवंशिकीच्या एखाद्या नियतकालिकाकडे हे पाठवायचे तर काय काय करावे लागेल?"

मग त्यांनी दुसरी गोष्ट जरा संकोचाने सांगितली. वर्गातल्या एका मुलाची जीभ वळते, पण त्याच्या आईची वळत नाही आणि वडिलांचीही वळत नाही. जीभ वळणे हे प्रभावी लक्षण आहे, असे अनेक पुस्तकांत वाचायला मिळते. तसे असेल तर आईवडील दोघांतही नसलेले हे लक्षण मुलात येऊ नये. मुलांनी हिशोब केला आणि त्याला "तू दत्तक आहेस" म्हणून चिडवायला सुरुवात केली. "त्याची ओळ गाळून टाकू का?" असे बाईंनी विचारले.

आमच्या मते या दोन प्रश्नांचे उत्तर एकच आहे. शोधनिबंध तयार करणे म्हणजे भाषा नीटनेटकी करणे नव्हे. आपल्या पुराव्याला जेवढा निष्कर्ष पेलतो, तेवढाच कागदावर उतरवणे हे ते काम आहे.

एक शीर्षक १९४० चे

जीभ वळण्याची गोष्ट पुस्तकांत आली कोठून? आल्फ्रेड स्टर्टेव्हंट हे फळमाशीवर काम करणारे थोर शास्त्रज्ञ. गुणसूत्रावरील जनुकांचा पहिला नकाशा त्यांनीच १९१३ मध्ये तयार केला. १९४० मध्ये त्यांनी जीभ वळण्यावर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकाचा अर्थ होता, 'माणसातील एक नवे आनुवंशिक लक्षण'. लक्षण प्रभावी असावे, असे त्यांना वाटले. मात्र ज्यांची जीभ वळत नाही अशा जोडप्यांच्या काही मुलांची जीभ वळते, ही अडचणीची माहितीही त्यांनी लपवली नाही. ती निबंधात दिली.

पुढे १९५१ मध्ये जपानमधील कोमाई यांना वेगळेच दिसले. सहा-सात वर्षांच्या मुलांपैकी ५४ टक्के मुलांना जीभ वळवता येत होती, तर बाराव्या वर्षी हे प्रमाण ७६ टक्के होते. म्हणजे वयाबरोबर काही मुले ही युक्ती शिकतात. १९५२ मध्ये मॅटलॉक यांनी एकसारख्या जुळ्यांच्या ३३ जोड्या तपासल्या. त्यांतल्या ७ जोड्यांमध्ये एकाची जीभ वळत होती आणि दुसऱ्याची वळत नव्हती. एकसारख्या जुळ्यांची जनुके सारखी असतात. तेव्हा एकच जनुक हे सारे ठरवते, असे म्हणता येईना. स्टर्टेव्हंट यांनी ते मान्य केले. हे लक्षण मेंडेलच्या नियमांचे सिद्ध उदाहरण म्हणून अजून छापले जाते याचा आपल्याला संकोच वाटतो, असे त्यांनी १९६५ मधील आपल्या पुस्तकात नमूद केले.

निबंध दुरुस्त झाला, पण पुस्तके दुरुस्त झाली नाहीत. आणि त्याचा त्रास माणमधल्या एका मुलाला झाला.

दुसरे शीर्षक १९५२ चे

आता आपल्या मुंबईतले उदाहरण पाहू. सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. य. म. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांना तीन व्यक्तींच्या रक्तात विलक्षण गुण आढळला. त्यांच्या तांबड्या पेशींवर 'ए' नव्हते, 'बी' नव्हते आणि 'ओ' गटाच्या पेशींवर भरपूर असणारे 'एच' हे प्रतिजनही नव्हते. उलट त्यांच्या रक्तद्रवात या तिन्हींविरुद्धची प्रतिपिंडे होती. अशा माणसाला 'ओ' गटाचे रक्तसुद्धा चालत नाही. ते दिले तर जीव धोक्यात येतो.

हा निबंध ३ मे १९५२ च्या 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. लांबी अवघी दोन पाने. शीर्षकाचा अर्थ असा : 'एबीओ व्यवस्थेशी संबंधित एक "नवे" रक्तगट-लक्षण'. शिक्षकांनी हे शीर्षक वर्गात फळ्यावर लिहावे आणि शब्दाशब्दावर थांबावे. 'नवे' हा शब्द लेखकांनी अवतरणचिन्हांत घातला. लक्षण पूर्वीही असणारच, आपल्याला आता दिसले, एवढेच ते म्हणतात. 'जनुक' न म्हणता ते 'लक्षण' म्हणतात. 'संबंधित' हा शब्दही तोलून वापरलेला आहे.

लेखकांची यादीही बोलकी आहे. भेंडे, देशपांडे आणि भाटिया हे मुंबईचे. त्यांच्याबरोबर लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील रक्तगटतज्ज्ञ सँगर आणि रेस, तसेच रक्तगट-द्रव्यांचे रसायन अभ्यासणारे मॉर्गन आणि वॉटकिन्स. लेखकांमध्ये दोन देशांतील आणि दोन शास्त्रांतील माणसे होती. आपल्याच प्रयोगशाळेतील चुकीला आपण नवा शोध समजत नाही ना, ही शंका परीक्षकाने विचारण्याआधी आपणच स्वतःला विचारायची असते.

आनुवंशिकतेचा उलगडा पुढच्या निबंधांनी केला. १९५५ मध्ये अमेरिकेत लेव्हिन व सहकाऱ्यांनी एका कुटुंबाची माहिती प्रसिद्ध केली. त्यातील एका स्त्रीच्या पेशींवर 'बी' दिसत नव्हते, तरी तिने 'बी'चे जनुक आपल्या अपत्याला दिले होते. कारण असे की 'ए' आणि 'बी' ही प्रतिजने 'एच'च्या पायावर उभी राहतात. पायाच नसेल तर जनुक असूनही इमारत होत नाही. १९६२ मध्ये भाटिया आणि संघवी यांनी हा गट आणि नात्यातील विवाह यांचा संबंध मांडला. मुंबईत सुमारे ७,६०० माणसांत एक असे याचे प्रमाण भाटिया आणि साठे यांनी १९७४ मध्ये दिले. 'एच' तयार करणाऱ्या जनुकात नेमका कोणता बिघाड असतो, हे १९९४ मध्ये रेणूंच्या पातळीवर समजले. दोन पानांच्या पायावर बेचाळीस वर्षे बांधकाम झाले. पाया खचला नाही, कारण त्यावर आवाक्याबाहेरचे ओझे कोणी ठेवले नव्हते.

येथेही घराचा प्रश्न होताच. 'ओ' समजल्या गेलेल्या आईला 'एबी' मूल झाले तर साध्या तक्त्याप्रमाणे ते अशक्य ठरते. तक्ता अपुरा आहे हे माहीत नसेल तर संशय माणसावर येतो.

लिहायचे कोणत्या क्रमाने?

निबंध छापला जातो तो सारांश, प्रस्तावना, सामग्री व पद्धती, निष्पत्ती, चर्चा आणि संदर्भ या क्रमाने. लिहिताना मात्र आम्ही हा क्रम पाळत नाही.

आधी कोष्टके. बाईंच्या वहीसाठी तीन ओळींचे कोष्टक पुरे : दोघाही पालकांची जीभ वळते, एकाचीच वळते, कोणाचीच वळत नाही. प्रत्येक ओळीपुढे मुलांची संख्या. नुसते टक्के लिहू नयेत. समजा, ६० पैकी ४२ मुलांची जीभ वळली. 'सत्तर टक्के' म्हणून आपण मोकळे होतो. पण ६० हा आकडा लहान आहे. एवढ्या नमुन्यावरून खरे प्रमाण साधारण ५८ ते ८२ टक्क्यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. ही मर्यादा लिहिली की निष्कर्ष आपोआप नम्र होतो.

मग पद्धती. आपण वापरलेली रीत वाचून रत्नागिरीच्या किंवा चंद्रपूरच्या शिक्षकाला तीच पाहणी करता आली पाहिजे. जीभ वळणे म्हणजे नेमके काय मानले? किती वेळा प्रयत्न करू दिला? मुलांची वये काय? पालकांची जीभ कोणी पाहिली, की मुलाने घरून विचारून आणले? कोमाईंची आकडेवारी वाचल्यावर वयाचा रकाना किती महत्त्वाचा, हे वेगळे सांगायला नको. ज्या घरांतून उत्तर आले नाही त्यांची संख्याही द्यायची. आणि ही मुले एका शाळेच्या एका वर्गातली आहेत. ती 'माणचे रहिवासी' किंवा 'महाराष्ट्रीय' यांचा नमुना ठरत नाहीत. संघवी आणि खानोलकर यांनी १९४९ मध्ये 'अॅनल्स ऑफ युजेनिक्स'मध्ये लिहिलेल्या निबंधाच्या शीर्षकातच मुंबईतील सहा अंतर्विवाही गट आणि सात आनुवंशिक लक्षणे असा हिशोब सांगितलेला आहे.

त्यानंतर निष्पत्ती, मग चर्चा. काय दिसले आणि त्याचा अर्थ काय असावा, या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत ठेवायच्या. उद्या अर्थ चुकला तरी निरीक्षण शिल्लक राहते. स्टर्टेव्हंट यांच्या बाबतीत नेमके हेच घडले. प्रस्तावना त्यानंतर, आणि सारांश व शीर्षक अगदी शेवटी. संदर्भ द्यायचे ते स्वतः वाचलेल्या मूळ निबंधांचे. पुस्तकातून उचललेला संदर्भ पुस्तकातली चूकही बरोबर घेऊन येतो.

आनुवंशिकीच्या नियतकालिकांचे आणखी काही दंडक असतात. जनुकाचे नाव तिरप्या ठशात आणि त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाचे सरळ ठशात छापतात, म्हणजे आपण कशाविषयी बोलतो ते नजरेला कळते. डीएनएचा नवा अनुक्रम वाचला असेल तर तो सार्वजनिक संग्रहात जमा करून त्याचा नोंदणी क्रमांक द्यावा लागतो.

परवानगी आधी, पाहणी नंतर

माणसांवरील कोणत्याही संशोधनाला नैतिकता समितीची मान्यता लागते, आणि ती पाहणी सुरू होण्यापूर्वी घ्यायची असते. झालेल्या पाहणीवर मागाहून शिक्का मिळत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे मुलांच्या बाबतीत पालकांची संमती लागते आणि समज आलेल्या मुलाचाही होकार विचारावा लागतो. नोंदीत नावांऐवजी क्रमांक हवेत. बाईंच्या वहीला आम्ही येथेच थांबवले. वर्गातला उपक्रम म्हणून ती उत्तम होती, पण नियतकालिकासाठी पाहणी नव्याने करावी लागणार होती. आमचेही एक हस्तलिखित पूर्वी संमतीपत्रातल्या एका त्रुटीमुळे परत आले होते. चूक सर्वस्वी आमची होती.

पाठवताना

नियतकालिक निवडताना ही माहिती कोणाला कळायला हवी, हा प्रश्न विचारावा. भेंडे यांचा निबंध वैद्यकीय साप्ताहिकात गेला, कारण रक्त देणाऱ्या डॉक्टरांना ती माहिती आधी हवी होती. आपल्याकडे 'जर्नल ऑफ जेनेटिक्स' आहे. बेटसन आणि पनेट यांनी ते १९१० मध्ये इंग्लंडमध्ये सुरू केले. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले ते हे नियतकालिक बरोबर घेऊनच. मध्यंतरी बंद पडलेले ते १९८५ मध्ये भारतीय विज्ञान अकादमीने पुन्हा सुरू केले. पैसे भरा आणि चार दिवसांत छापून घ्या, असे सांगणाऱ्या नियतकालिकांपासून मात्र दूर राहावे.

एक निबंध एका वेळी एकाच ठिकाणी पाठवायचा. सोबत संपादकांना छोटे पत्र : काय आढळले, ते या वाचकांना का उपयोगी, सर्व लेखकांनी हस्तलिखित वाचून मान्य केले आहे. पुढे साधारण दोन-तीन परीक्षक ते वाचतात. त्यांचे शेरे बोचतात, पण प्रत्येकाला क्रमवार उत्तर द्यावे. पटले ते बदलावे, न पटले तर कारण लिहावे.

त्या मुलाची ओळ

बाईंनी ती ओळ गाळली नाही. आम्ही सुचवल्याप्रमाणे त्यांनी वर्गात स्टर्टेव्हंट यांची हकिकत सांगितली आणि जुळ्यांचे आकडे फळ्यावर मांडले. मग मुलांना एक काम दिले. 'जीभ वळणे हे प्रभावी लक्षण आहे' हे वाक्य आपल्या वहीतल्या नोंदींना पेलेल असे बदलून लिहा. बऱ्याच खाडाखोडीनंतर फळ्यावर वाक्य उरले : 'आमच्या वर्गात, आईवडील दोघांचीही जीभ वळत नसताना मुलाची वळते, असे एक उदाहरण आढळले.'

हे वाक्य कोणत्याही परीक्षकाने मान्य करावे असे आहे. चिडवणेही त्या दिवसापासून थांबले, असे बाईंनी नंतर कळवले. आपल्या वर्गातही एखादे 'सिद्ध' वाक्य घ्या आणि ते आपल्या नोंदींवर तोलून पाहा. शोधनिबंधाची तयारी तेथूनच सुरू होते.