वर्गातील भय आणि वात्सल्य

अमरावती-अकोल्याकडील खेड्यातून शाळेत नव्याने आलेले मूल आपली अडचण घरच्या वऱ्हाडीत सांगते, "मले समजलं नाही." त्यावर वर्गात हशा पिकला, तर ते मूल पुन्हा सहसा प्रश्न विचारीत नाही. मेळघाटातील कोरकू बालकाची स्थिती याहून बिकट असते. कारण कोरकू ही मुंडा कुळातील भाषा असून मराठीहून सर्वस्वी भिन्न आहे. अशा मुलांच्या मौनाला आपण आळस समजतो. वस्तुतः पुष्कळदा ते भय असते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे १७ वे कलम शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळासही मनाई करते. छडी गेली, परंतु उपहास राहिला, तर काय साधले?

संत जॉन बॉस्को यांची शिक्षणपद्धती विवेक, धर्म व वात्सल्य या तीन आधारांवर उभी आहे. मुलांवर केवळ प्रेम असून भागत नाही, ते त्यांना जाणवलेही पाहिजे, असे त्यांनी १८८४ साली रोमहून लिहिलेल्या पत्रात बजावले.

म्हणून आम्हांस वाटते, शिक्षकाने मुलाचे उत्तर आधी स्वीकारावे, मग तेच प्रमाण मराठीत सहज म्हणून दाखवावे. "हुशार आहेस" असे मोघम न म्हणता त्याने केलेल्या नेमक्या प्रयत्नाची प्रशंसा करावी. नियम थोडे, पण सर्वांस सारखे असावेत. पालकांनीही गुण विचारण्याआधी "आज काय विचारलेस?" असे पुसावे.

बालकांना आपल्याजवळ येऊ द्या, असे सांगणाऱ्या प्रभू येशूचे अनुकरण वर्गातही घडो.