जुन्या जीपची जन्मपत्रिका

जमीन घ्यायची तर आपण आधी सातबारा काढतो. बैल घ्यायचा तर त्याचे दात मोजतो. जुनी मोटार घेताना मात्र भले भले लोक रंग पाहतात, इंजिनाचा आवाज ऐकतात आणि इसार देऊन मोकळे होतात. गाडी रोजच्या वापरासाठी घ्यायची असेल तर एक वेळ ते चालून जाईल. पण पन्नास-साठ वर्षांपूर्वीची गाडी घेऊन तिला मूळ रूपात आणायचे असेल, तर 'ही गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा नेमकी कशी होती?' हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर खरेदीपूर्वी मिळाले नाही, तर पुढे ते फार महागात पडते.

आजचे उदाहरण जीपचे घेऊ. जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात दुसरे कोणते घेणार? जव्हार हे १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचे संस्थान होते. तिथून मोखाड्याकडे आणि पुढे तोरंगण घाटातून त्र्यंबकेश्वरला जाणारा रस्ता, खोडाळा-सूर्यमाळचे चढउतार आणि पावसाळ्यातला चिखल, अशा मुलखात चारही चाकांना जोर देणारी गाडीच कामाची. डोंगराळ तालुक्यांत सरकारी कामे, लाकडाची ठेकेदारी, बाजारहाट, आजाऱ्याला दवाखान्यात नेणे हे सारे जीपने केले. आता त्यांतल्या जुन्या गाड्या गोठ्याशेजारी किंवा झाडाखाली उभ्या असतात. शहरातला हौशी माणूस ती पाहतो, 'युद्धातली विलीज आहे' असे कुणीतरी सांगते आणि व्यवहार ठरतो. कधी घेणारा फसतो, तर कधी विकणारा. कारण खरोखरीची दुर्मिळ गाडी किलोच्या भावाने भंगारवाल्याला देणारेही आहेतच.

दिसायला एक, वयाने वेगळ्या

जीपच्या बाबतीत घोटाळा होतो, कारण तिचे रूप फारसे बदललेच नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी विलीज कंपनीने 'एमबी' आणि फोर्ड कंपनीने 'जीपीडब्ल्यू' या नावाने जवळजवळ एकसारख्या जीपा बनवल्या. दोघींची मिळून संख्या सहा लाखांवर गेली. युद्ध संपल्यावर लष्कराला नको असलेल्या गाड्या विकल्या गेल्या. 'डिस्पोजलची जीप' हा शब्द जुन्या माणसांच्या तोंडी आजही असतो, तो तेव्हापासूनचा.

त्यानंतर आली मुंबईची जीप. महिंद्र बंधूंनी १९४५ साली सुरू केलेल्या कंपनीने माझगावच्या कारखान्यात १९४९ मध्ये विलीज जीपची जुळणी केली. सुटे भाग अमेरिकेतून येत आणि जोडणी इथे होई. पुढे भागही इथेच बनू लागले. अमेरिकेत 'सीजे-३बी' हे मॉडेल १९५३ ते १९६८ या काळात निघाले. आपल्याकडे ते त्यानंतरही कित्येक वर्षे तयार होत राहिले. म्हणजे १९५५ ची आणि १९८५ ची गाडी लांबून सारखीच दिसू शकते. आकारावरून वय ठरवणे हा इथला पहिला धोका.

मग ओळखायचे कसे? समोर उभे राहा आणि जाळीच्या उभ्या फटी मोजा. युद्धकाळातल्या पत्र्याच्या जाळीला नऊ फटी असतात, नागरी वापरासाठी बनलेल्या जीपेला सात. (विलीजच्या अगदी सुरुवातीच्या गाड्यांना पट्ट्या जोडून केलेली जाळी होती, तो अपवाद.) लष्करी जीपचे दिवे लहान आणि जाळीच्या मागे दबलेले असतात. ते उलटे फिरवून रात्री इंजिनावर उजेड पाडता येई. नागरी जीपचे दिवे मोठे आणि पुढे आलेले. लष्करी जीपला मागे उघडणारी फळी नसते, नागरी जीपला असते. लष्करी जीपचे सुकाणू डावीकडे होते. ते उजवीकडे दिसले तर कुणीतरी नंतर बदलले आहे, एवढे निश्चित.

आता बॉनेटची उंची पाहा. जुन्या विलीज इंजिनात सगळे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्येच असत. सीजे-३बी मध्ये आलेल्या नव्या इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वरच्या हेडमध्ये गेले, त्यामुळे इंजिन उंच झाले आणि त्याला सामावण्यासाठी बॉनेटही उंच करावे लागले. जुन्या इंजिनाचा कार्ब्युरेटर बाजूला असतो, नव्याचा थेट हेडवर बसतो. उंच बॉनेटखाली बुटके इंजिन निघाले, तर ते दुसऱ्या गाडीतून आले आहे असे समजावे.

हौशी लोक लष्कराची 'जोंगा'ही जीप म्हणून विकत घेतात. ती मुळात जपानच्या निसान कंपनीची, जबलपूरच्या लष्करी कारखान्यात बनलेली सहा सिलिंडरची मोठी गाडी. चांगली आहे, पण तिची पत्रिका निराळी.

कागद आणि लोखंड

ओळख पटली की कागद मागा. नोंदणी पुस्तकातला चासी क्रमांक, इंजिन क्रमांक, इंधनाचा प्रकार आणि उत्पादनाचे वर्ष वहीत उतरवून घ्या. नोंदणीचे वर्ष म्हणजे जन्माचे वर्ष नव्हे. लष्करातून लिलावात आलेली गाडी कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा नागरी नोंदणीला आलेली असू शकते.

या भागात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्याआधी जव्हार आणि मोखाडा ठाणे जिल्ह्यात होते, त्यामुळे जुन्या गाडीचे दप्तर ठाण्याला असण्याची शक्यता मोठी. १ जुलै १९८९ पासून 'एमएच'ची मालिका सुरू झाली. त्याआधीच्या क्रमांकाची गाडी असेल तर तिची नोंद संगणकावर चढली आहे का, हे परिवहन कार्यालयातच विचारावे. मूळ मालक वारला असेल आणि गाडी मुलगा विकत असेल, तर आधी वारसाच्या नावावर हस्तांतर व्हायला हवे. 'कागद नंतर देतो' या वाक्यावर एक रुपयाही देऊ नये.

आता कागदावरचे आकडे लोखंडावर शोधायचे. विलीज एमबीचा चासी क्रमांक पुढच्या बंपरमागे, डाव्या बाजूच्या तुळईला आतून रिव्हेट केलेल्या छोट्या पट्टीवर असतो. फोर्ड जीपीडब्ल्यूचा क्रमांक डाव्या तुळईच्या वरच्या अंगावर थेट ठोकलेला असतो. फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरही, इंग्रजी 'एफ' अक्षर उमटवले होते. शिवाय रेडिएटरखालची आडवी तुळई विलीजमध्ये गोल नळीची, तर फोर्डमध्ये उलट्या नालीसारखी. इतक्या खुणा एकदम खोट्या करणे सोपे नाही, म्हणून त्या एकत्र पाहायच्या.

क्रमांक सापडला की रॉकेलचा बोळा आणि मऊ ब्रश घेऊन तो स्वच्छ करा. पॉलिश पेपरने घासू नका. वर पातळ कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या. आकड्यांची उंची आणि खोली सारखी आहे का? आजूबाजूला ग्राइंडर फिरल्याच्या खुणा आहेत का? पट्टी जुनी आणि रिव्हेट नवे कोरे, असे तर नाही? डॅशबोर्डवरच्या माहितीच्या पट्ट्या नव्या बनवून विकत मिळतात, तेव्हा त्यांना पुरावा मानू नये. क्रमांकात खाडाखोड दिसली तर गाडी कितीही आवडली असली तरी परत फिरावे. ती चोरीची निघाली तर पैसेही जातात आणि पोलिस ठाण्याच्या फेऱ्या मागे लागतात.

बदललेले हृदय

आपल्याकडच्या जुन्या जीपांमध्ये सर्वांत जास्त बदल झाला तो इंजिनाचा. मूळ पेट्रोल इंजिन सुमारे २.२ लिटरचे आणि खाणारे. डिझेल स्वस्त होते, म्हणून अनेकांनी पेट्रोल इंजिन काढून ट्रॅक्टरचे किंवा मॅटाडोरचे डिझेल इंजिन बसवले. ज्याचे पोट गाडीवर आहे त्याने केलेला तो शहाणपणाचा हिशेब होता, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र प्रत्येक डिझेल जीप बदललेलीच असते असेही नाही. महिंद्र कंपनीने पुढे फ्रान्सच्या प्यूजोशी करार करून कारखान्यातूनच डिझेल जीपा काढल्या. म्हणून निवाडा नोंदणी पुस्तकावरून करायचा. पुस्तकात पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल असेल, तर तो बदल नोंदवलेला नाही.

आणि हा केवळ हौसेचा प्रश्न नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसेच बजावले. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने 'व्हिंटेज' वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली दुचाकी वा चारचाकी त्यात बसते. तिला 'व्हीए' अक्षरांचा खास क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, अभ्यास, इंधन भरणे, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येते. म्हणजे 'मूळ' या शब्दाला आता कायद्याचे वजन आहे. विक्रेता 'व्हिंटेज नंबर सहज मिळेल' असे म्हणत असेल, तर ही अट त्याच्यासमोर ठेवून गाडी तपासावी.

पावसाने खाल्लेला पत्रा

जव्हारच्या पावसात उभी राहिलेली गाडी वरून बरी दिसली तरी खालून पाहिल्याशिवाय भरवसा धरू नये. युद्धकाळातल्या जीपच्या तळाला आधाराच्या पोकळ पट्ट्या आहेत आणि त्यांच्या आत लाकूड भरलेले असे. ते लाकूड पाणी धरून ठेवते आणि पत्रा आतून सडतो. बोटाने टकटक करून पाहा. भरीव आणि पोकळ आवाजातला फरक कानाला कळतो. पातळ कापडात गुंडाळलेला लोहचुंबक पत्र्यावरून फिरवा. जिथे तो चिकटत नाही तिथे रंगाखाली पुट्टी आहे.

मूळ रंग शोधायचा तर बाहेर पाहू नका. डॅशबोर्डच्या मागे, सीटखाली, कप्प्याच्या आत पाहा. रंगारी तिथे सहसा पोचलेला नसतो. बॉडी अगदी सरळ, नवी आणि चासी मात्र गंजलेली असेल, तर बॉडी नंतर बनवलेली आहे. हरियाणातील मंडी डबवाली हे गाव तर जुन्या-नव्या भागांतून जीपा घडवण्यासाठी देशभर प्रसिद्ध आहे. त्या जीपा देखण्या असतात, पण 'मूळ' म्हणून त्यांची किंमत मोजू नये.

मूळ म्हणजे कुठले मूळ?

एक सूक्ष्म मुद्दा राहिला. भारतात बनलेल्या गाडीचे मूळ परदेशी पुस्तकात शोधू नये. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची फियाट घ्या. इटलीत '११०० डी'चे इंजिन १२२१ सीसीचे होते, तर आपल्याकडच्या गाडीचे १०८९ सीसीचे. इटलीचे पुस्तक हातात धरून कुणी आपल्या फियाटचे इंजिन 'चुकीचे' ठरवले तर चूक त्याचीच. जीपचेही तसेच. १९४४ चे अमेरिकी लष्कराचे 'टीएम ९-८०३' हे माहितीपुस्तक एमबी आणि जीपीडब्ल्यूसाठी उत्तम आहे, पण माझगावच्या जीपला ते पूर्णपणे लागू होत नाही. त्यासाठी त्या काळातले कंपनीचे पार्ट कॅटलॉग, जुने फोटो आणि त्या गाड्यांवर हात चालवलेले वयस्कर मिस्त्री यांनाच विचारावे लागते. मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया या संस्था आहेत. तिथल्या जाणकाराला सोबत नेले तर त्या प्रवासखर्चाची भरपाई पहिल्या तासात होते.

शेवटी व्यवहाराचे. वहीच्या पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात जे मूळ आहे ते लिहा, दुसऱ्यात बदललेले पण परत मिळवता येण्याजोगे, तिसऱ्यात कायमचे गेलेले. दिवे, चाके, मीटर दुसऱ्या रकान्यात येतात. बदललेली चासी किंवा पुसलेला क्रमांक तिसऱ्यात. किंमत पहिल्या रकान्याची द्यायची, दुसऱ्याचा खर्च त्यातून वजा करायचा आणि तिसऱ्यात काही गंभीर असेल तर हात जोडून निघायचे. हे पान विकणाऱ्यालाही वाचून दाखवा. त्याच्या अंगणातली गाडी खरोखर मोलाची निघाली तर ते त्याला कळले पाहिजे. ज्या गाडीने त्याच्या घरच्यांना घाट चढवून दवाखान्यात पोचवले, ती गाडी त्याच्या अज्ञानाच्या भावाने घेण्यात कसली आली हौस?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)