शस्त्राचा रंग आणि शस्त्राचें पाणी

मुखेडकडील एखादा शेतकरी किंवा व्यापारी जिल्ह्याच्या ठिकाणीं पुष्कळ खेपा घालून परवाना मिळवितो, मोठी रक्कम मोजून बत्तीस बोअरचें रिव्हॉल्व्हर घरीं आणतो, आणि महिन्या-दोन महिन्यांतच त्याच्या काळ्याभोर चक्रीवर चौफेर एक पांढुरकी रेघ उमटलेली त्याला दिसते. नळीच्या तोंडाची कडहि उजळलेली असते. वस्तु नवी, गोळी तर अद्याप एकहि झाडलेली नाहीं! दुकानदारानें जुना माल नवा म्हणून गळ्यांत बांधला, कीं पोलादच कच्चें निघालें, अशी शंका मनांत घर करते. मग कोणी शेजारी सुचवितो कीं, गांवांतल्या लोहाराकडून जरा तापवून घ्या, रंग परत येईल. यांपैकीं शंका बहुतेक वेळां निराधार असते. सल्ला मात्र जिवावर बेतणारा असतो. दोहोंचाहि उलगडा होण्यास शस्त्राचा रंग कोणता आणि शस्त्राचें पाणी कोणतें, हें वेगवेगळें पाहिलें पाहिजे.

शस्त्राला 'पाणी देणें' हा मराठींतला जुना शब्दप्रयोग आहे. लाल तापलेलें पोलाद पाण्यांत वा तेलांत बुडवून एकदम निवविलें म्हणजे तें कठीण होतें, पण त्याबरोबर ठिसूळहि होतें. म्हणून पुन्हां बेताच्या आंचेवर धरून त्याचा ठिसूळपणा घालवितात. हें पाणी पोलादाच्या अंगांत मुरलेलें असतें. रंगाची गोष्ट निराळी. बंदुकीचा वा पिस्तुलाचा निळसर काळा रंग म्हणजे वरून दिलेला रोगण नव्हे, तर लोखंड आणि प्राणवायु यांच्या संयोगानें पोलादाच्या पृष्ठभागावरच मुद्दाम घडवून आणलेला एक अतिशय पातळ थर होय. तांबडा गंजहि लोखंड व प्राणवायु यांचाच; परंतु त्यांत पाण्याचा अंश असतो, तो फुगतो, पोपडे धरून सुटतो आणि खालचें नवें लोखंड उघडें पाडतो. काळा थर फुगत नाहीं, घट्ट चिकटून बसतो. जुन्या काळचे कारागीर नळीवर आधीं मुद्दाम बारीक गंज चढवीत, मग ती पाण्यांत उकळीत, म्हणजे तो तांबडा गंज काळा होई. मोकळी भुकटी घासून काढून हाच क्रम ते पुन्हां पुन्हां करीत. आतांच्या कारखान्यांत कॉस्टिक सोडा आणि सोऱ्याच्या जातीचे क्षार यांच्या सुमारें १४० अंश उष्ण द्रावणांत भाग बुडवितात व थोड्याच वेळांत काम उरकतें.

या थराची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागानेंच मोजावी लागते. असे एक-दोन भाग, बस्स. माणसाचा केंस याच्या कित्येक पट जाड असतो. इतका नाजूक पापुद्रा पोलादावर पोलाद घासूं लागल्यास टिकावा कसा? रिव्हॉल्व्हरच्या चक्रीखालीं एक लहान अटकाव असतो. चक्री फिरतांना तो स्प्रिंगच्या जोरानें तिच्या अंगाला घासत जातो आणि नेमक्या जागीं खांचेंत पडून चक्री थांबवितो. चक्री जितक्या वेळां फिरेल तितक्या वेळां तो तीच वाट तुडविणार. ती पांढरी रेघ ही त्या अटकावाची पायवाट आहे. मालकानें हौसेनें, आणि त्याच्या आधीं दुकानांत दहा गिऱ्हाइकांनीं, चक्री फिरवून पाहिली असेल, तर एकहि गोळी न झाडतां ती उमटते. पिस्तुलांत वरचा सरकणारा भाग नळीवरून मागेंपुढें जातो, म्हणून तेथें नळीच्या पाठीवर व तोंडाशीं चकाकी येते. चामड्याच्या होल्स्टरांतून काढघाल केल्यानें कडा उजळतात त्या वेगळ्याच.

घरांतील मंडळींना येथें कल्हईची आठवण होईल. पितळेच्या पातेल्याची कल्हई गेली आणि त्यांत ताक राहिलें कीं तें कळकतें. म्हणून कल्हईवाल्याची वाट पाहणें भागच असतें. पण शस्त्राच्या रंगाला कल्हईचा न्याय लागूं नाहीं. दारूचा स्फोट होतो त्या क्षणीं कोठ्यांत हवेच्या दाबाच्या शेंकडों पट दाब उसळतो. तो सोसणारें बळ पोलादाच्या जाडीचें व पाण्याचें असतें. रंगाकडे एकच काम असतें : गंजाला थोडा वेळ थोपवून धरणें. तेंहि तो तेलाच्या साह्यानेंच करतो. कोरडा ठेवलेला काळा थर पावसाळ्यापुढें फार दिवस टिकत नाहीं. उलट रंग पार उडालेल्या पण तेलाचा हात नेमानें फिरणाऱ्या जुन्या बंदुका पिढ्यान्‌पिढ्या चालल्या आहेत.

तरीहि प्रत्येक झीज निरुपद्रवी नसते. रेघेवरून नख फिरवून पाहावें. नख अडलें नाहीं, तर गेला तो केवळ रंग. नख अडलें, कड उभी राहिलेली लागली, खांचेच्या तोंडाशीं धातु चेपून बाहेर आलेली दिसली, किंवा दोन्ही बाजू सारख्या असूनहि एकाच बाजूला घांस पडत असली, तर भाग वेडावांकडा बसला आहे असें समजावें आणि तें शस्त्र परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच न्यावें. ही पाहणी अर्थात् शस्त्र रिकामें करून व रिकामें झाल्याची दोनदां खात्री करून मगच. निकेलचा मुलामा दिलेल्या शस्त्राची तऱ्हा आणखी निराळी : त्याचा पोपडा सुटला कीं गंज कडेखालून आंत शिरतो आणि वरून चकचकीत दिसणारी जागा आंतून पोखरली जाते. तेथें मात्र झीज दिसतांच लक्ष घालावें.

हें ज्ञान या भागाला नवें नाहीं. शस्त्र उजळण्याला आपल्याकडे 'शिकल करणें' म्हणत. तें करणारा तो शिकलगार. मूळ शब्द अरबी आहे. महाराष्ट्रांत कित्येक घराण्यांचें तें आडनांवच झालें, आणि शीख शिकलगारांची वस्ती नांदेडला आहे. गुरु गोविंदसिंगांचें देहावसान १७०८ सालीं त्याच गांवीं झालें; तेथील तख्त सचखंड हुजूर साहिबमध्यें जुनीं शस्त्रें जपून ठेविलेलीं आहेत. नांदेडला लागूनच असलेल्या निजामाबाद जिल्ह्यांतील कोनासमुद्रम हें गांव एके काळीं पोलादासाठीं इतकें नांवाजलेलें होतें कीं, तें विकत घेण्यास इराणी व्यापारी तेथवर येत. अशा पोलादाच्या पात्यावर लाटांसारखी जी नक्षी दिसते तिला जौहर म्हणतात. नक्षी पोलादाच्या घडणींतच असते. हिराकशीसारख्या द्रव्यानें ती पृष्ठभागावर उठवितात. अडाणी हातानें पातें घांसलें तर ती दिसेनाशी होते आणि जाणता शिकलगार ती पुन्हां उठवूं शकतो. मात्र पातें आगींत घालून फार तापविलें तर नक्षीहि गेली आणि पाणीहि गेलें.

शेजाऱ्याच्या सल्ल्यांतला धोका तो हाच. पोलाद तापत गेलें कीं २२० अंशांच्या सुमारास पिवळसर आणि ३०० च्या सुमारास निळें दिसूं लागतें. लोहाराचा रंग येतो तो असा. पण भात्यावरची आंच कोणी मोजीत नाहीं. ती बेताबाहेर गेली कीं चक्रीचें पाणी उतरतें, पोलाद मऊ पडतें आणि पुढची गोळी झाडतांना कोठी फुगण्याची वा फुटण्याची भीति राहते. चक्री दिसावयास मात्र नव्यासारखी निळीशार असते! पॉलिश-कागदानें घांसण्यांतहि एक संकट आहे. शस्त्रावरील क्रमांक पुसला गेला, तर १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वयें तो गुन्हा ठरतो, आणि तो हेतूनें पुसला नव्हता हें सांगत बसण्याची पाळी मालकावर येते.

ज्यांना रंगाची ही कटकटच नको त्यांच्यासाठीं धातूच बदललेलीं शस्त्रें निघालीं आहेत. अमेरिकेंत स्मिथ अँड वेसननें १९६५ सालीं स्टेनलेस पोलादाचें रिव्हॉल्व्हर काढलें. कानपूरच्या सरकारी कारखान्यानें २०१४ सालीं टायटॅनियमच्या मिश्रधातूचें 'निर्भीक' काढलें. घांस त्यांच्यावरहि पडतो, पण गंजाला वाव फार थोडा.

काळ्या शस्त्राच्या मालकानें हाताळल्यावर घामाचे ठसे पुसावे, तेलाचा पातळ हात द्यावा आणि शस्त्र होल्स्टरांत घालून पेटींत ठेवूं नये. चामडें ओल धरतें. खंडेनवमीला तर विशेष जपावें. पूजेचें पाणी, ओल्या अक्षता व हळदकुंकू शस्त्रावर तसेंच राहिलें, तर दुसऱ्या दिवशीं सोनें वाटून मंडळी घरीं परतण्याच्या आंतच त्या पांढऱ्या रेघेवर पहिला तांबडा ठिपका धरलेला असतो. पूजा आटोपतांच, उजेड आहे तोंवर, तें पुसून व तेल देऊन ठेवावें.