मोनार्क फुलपाखराचे हिवाळी वसतिस्थान व वृक्षतोड

मोनार्क (डॅनॉस प्लेक्सिपस) हे रुईच्या कुलातील वनस्पतींवर वाढणारे नारिंगी पंखांचे फुलपाखरू असून महाराष्ट्रात रुईवर सर्रास आढळणारे डॅनॉस क्रिसिपस हे त्याच्याच वंशातील होय. रॉकी पर्वताच्या पूर्वेकडील बहुतेक मोनार्क शरद ऋतूत दक्षिणेस स्थलांतर करतात आणि नोव्हेंबर ते मार्च हा काळ मध्य मेक्सिकोतील मिचोआकान व मेक्सिको या राज्यांच्या पर्वतांत, सुमारे ३,००० मी. उंचीवर, ओयामेल या फर वृक्षांच्या (ॲबीज रिलिजिओझा) वनात घालवितात. शास्त्रज्ञांना ही ठिकाणे १९७५ मध्ये कळली. ग्रामस्थांना ती अर्थातच आधीपासून ठाऊक होती.

फांद्यांवर व खोडांवर दाट थवे करून फुलपाखरे येथे जवळजवळ निश्चल राहतात. या वनाचे कार्य लिंकन ब्रौअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडून दाखविले. दाट पर्णछत्र रात्री उष्णता धरून ठेवते आणि पाऊस व दव अडविते, म्हणजे पांघरूण व छत्री अशी दोन्ही कामे करते. जाड खोडे दिवसा शोषलेली उष्णता रात्री हळूहळू सोडतात. यांपैकी छत्रीचे काम विशेष महत्त्वाचे आहे. कोरड्या मोनार्कांपैकी निम्मे सुमारे -८° से. तापमानाला मरतात, भिजलेल्यांपैकी निम्मे मात्र सुमारे -४° से. लाच मरतात. त्यामुळे सर्वसाधारण वनव्यवस्थापनात निर्दोष समजली जाणारी विरळणीही येथे घातक ठरते. शिवाय विरळ वनात दिवसा ऊन लागून फुलपाखरे हालचाल करू लागतात व मार्चपर्यंत पुरवावयाची चरबी लवकर संपते. भक्षक पक्ष्यांचा उपद्रवही तेथे अधिक असतो. जानेवारी २००२ मध्ये पावसामागोमाग कडाक्याची थंडी पडली, तेव्हा सिएरा चिंकुआ व एल रोसारियो येथील सुमारे तीन-चतुर्थांश फुलपाखरे मेली.

मेक्सिको शासनाने १९८६ मध्ये संरक्षित क्षेत्र घोषित केले व २००० मध्ये ते सुमारे ५६,००० हेक्टरांपर्यंत वाढविले. परंतु ही जमीन बहुतांशी ग्रामसमूहांच्या सामाईक मालकीची असल्याने केवळ तोडबंदी म्हणजे त्यांच्या उपजीविकेवर घाला होता. म्हणून भरपाईसाठी २००० पासून एक निधी उभारण्यात आला. मोठ्या प्रमाणावरील बेकायदेशीर तोड पुढे बरीच घटली, किरकोळ तोड मात्र चालू राहिली.

थव्यांनी व्यापलेले क्षेत्र १९९६–९७ मध्ये सुमारे १८ हेक्टर होते, ते २०१३–१४ मध्ये ०·६७ हेक्टर झाले. याचा सर्व दोष वृक्षतोडीस देता येत नाही. अमेरिकेतील शेतांत तणनाशकांमुळे अळ्यांच्या खाद्यवनस्पती नष्ट झाल्या, हेही एक प्रमुख कारण मानले जाते. वाढत्या तापमानात ओयामेल टिकावा म्हणून नेव्हादो दे तोलुका या ज्वालामुखीच्या उतारावर अधिक उंचीवर रोपे लावण्याचे प्रयोग झाले आहेत. ती थव्यांना आसरा देण्याइतकी वाढण्यास काही दशके लागतील.