सात सेकंदांची बर

"बर राहिलीय बघ," पेपर खाली न ठेवताच बाबा म्हणाले.

१९९९ च्या पावसाळ्यातला गुरुवार. बाबांच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी. सकाळी गेलेली लाइट संध्याकाळी आली की पिंपरीच्या संत तुकाराम नगरातल्या आमच्या दोन खोल्यांत बाबांचा रेडिओ आणि माझा कॉम्प्युटर एकदमच बोलायला लागायचे. कॉम्प्युटर बारावीच्या अभ्यासासाठी, पतसंस्थेचं कर्ज काढून घेतलेला. त्यावर मी ड्रम अँड बेस करत होतो. घरात त्याला 'ती धडधड' म्हणत.

बाबा टूलरूममध्ये टर्नर होते. धातू कापला की कडेला बोट कापेल असा बारीक काटा राहतो, ती बर. कानस मारून ती काढल्याशिवाय जॉब पुढे जात नाही. माझ्या गाण्यात प्रत्येक तुकड्याच्या शेवटी एक बारीक 'टक्' येत होतं, ते त्यांनी पेपर वाचता वाचता पकडलं होतं. आणि निदान अचूक होतं. आवाजाची लाट मधल्या रेषेच्या वर-खाली होत असते. ती रेषा ओलांडते त्या ठिकाणी कापलं तर कड साफ येते. लाट वर असताना कापलं तर स्पीकरचा पडदा तिथून एकदम मध्यावर आपटतो, आणि टक्! त्या रात्री मी दीडशेच्या वर कडा घासल्या.

हे संगीत मुळात कापाकापीचंच. नव्वदीच्या सुरुवातीला लंडनमधल्या पोरांनी जुन्या अमेरिकन तबकड्यांवरचे ड्रमचे तुकडे उचलले, वेग वाढवला, चिरून उलटसुलट जोडले आणि खाली जाडजूड बेस घातला. आधी त्याला जंगल म्हणत, मग ड्रम अँड बेस हे नाव रुळलं. सगळ्यांचा लाडका तुकडा एकच: द विन्स्टन्स या बँडच्या १९६९ सालच्या 'अमेन, ब्रदर' या गाण्यात बाकीची वाद्यं थांबतात आणि ड्रमवाला एकटा चार आवर्तनं वाजवतो. जेमतेम सात सेकंद. त्या सात सेकंदांवर हजारो गाणी उभी आहेत.

त्या पोरांकडेही फार काही नव्हतं. अटारी एसटी हा घरगुती कॉम्प्युटर, कारण वाद्यं जोडायची मिडी खोबण त्याला जन्मतःच होती, आणि अकाईचा एस ९५० हा सॅम्पलर, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून वाजवणारं यंत्र. त्याची स्मरणशक्ती मुळात ७५० किलोबाइट, म्हणजे आजच्या मोबाइलवरच्या एका फोटोपेक्षाही कमी. मग करायचं काय? तबकडी जास्त वेगाने फिरवून आवाज भरून घ्यायचा म्हणजे तो कमी जागेत मावतो, आणि आत गेल्यावर पुन्हा खाली ओढायचा. त्यात आवाजाला जी खरखर यायची, तिच्यावरच पुढे लोक भाळले.

माझ्याकडे सॅम्पलर नव्हता, फास्टट्रॅकर २ होता. स्वीडनमधल्या ट्रायटन या पोरांच्या टोळीने १९९४ साली फुकट वाटलेला हा प्रोग्रॅम एका मित्राच्या सीडीवरून आला. त्यात सूर वरून खाली सरकतात, एखाद्या वाण्याच्या खतावणीसारखे. एका पानात ६४ ओळी. आवर्तनाला १६ धरल्या तर चार आवर्तनं बरोब्बर बसतात. एक आज्ञा अशी की तुकडा सुरुवातीपासून न वाजवता मधूनच कुठूनही सुरू करता येतो. फक्त मोजणी आवाजाच्या २५६ नमुन्यांच्या गठ्ठ्यांत. माझं एक आवर्तन १५२ गठ्ठ्यांचं होतं. त्याचे आठ भाग केले की प्रत्येकी १९. म्हणजे एकोणिसाचा पाढा! १९, ३८, ५७, ७६... लहानपणी छडीच्या धाकाने पाठ केलेला तो पाढा आयुष्यात पहिल्यांदाच कामाला आला. फक्त तो सोळाच्या अंकपद्धतीत लिहायचा, ७६ चा '४सी'. वहीच्या मागच्या पानावर तक्ता करून ठेवला होता. आईला वाटायचं, गणित चाललंय.

वेगाचीही एक गंमत. 'अमेन'चा मूळ तुकडा मिनिटाला साधारण १३६ ठोक्यांचा, मला १७० हवे. वेग वाढवला की स्वरही चढतो. १७० भागिले १३६ म्हणजे सव्वा, आणि सव्वापट म्हणजे षड्जाचा शुद्ध गंधार. पेटी शिकणाऱ्या बहिणीने हे कानाने सांगितलं, मी भागाकाराने ताडून पाहिलं. झांजेला जो कडक, चिरका आवाज येतो तो या गंधारामुळे.

पण १७० ठोक्यांवर माणूस हलणार कसा, हे मला कळलं रस्त्यावर. तुकोबांची पालखी आकुर्डीचा मुक्काम हलवून पुण्याकडे निघते ती जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने, वल्लभनगरवरून. एका दिंडीत पखवाज दुगुनीत पळत होता आणि वारकऱ्यांची पावलं त्याच्या निम्म्याने, निवांत पडत होती. ड्रम अँड बेसचं गुपित हेच आहे. ड्रम १७० ने धावतात, बेस ८५ ने चालतो. ऐकणाऱ्याने कुणाबरोबर जायचं ते स्वतः ठरवावं. घरी येऊन मी बेसचे निम्मे सूर पुसून टाकले. गाणं तेव्हा कुठे चालू लागलं.

बेस मी ऐकला मात्र नव्हता. पन्नास हर्ट्झचा सूर कॉम्प्युटरच्या डबड्या स्पीकरमधून येतच नाही. मी तो डोळ्यांनी लिहीत होतो. ऐकला तो गणपतीत. साउंडवाल्याला गळ घालून दुपारच्या रिकाम्या वेळी कॅसेट लावली आणि मांडवाचा पत्रा थरथरायला लागला. आरतीच्या तबकातली घंटा आपोआप किणकिणली. कार्यकर्ते धावत आले. लेझीमच्या सरावाला जमलेली पोरं काही क्षण गोंधळली, मग त्यांनी पायांत ८५ पकडले आणि हातात १७०. दोन मिनिटं, फार तर. मग कुणीतरी कॅसेट काढून माझ्या हातात दिली. माझी आजवरची सगळ्यात मोठी मैफल तीच.

त्याच वर्षी लंडनच्या तबलावादक तलविन सिंगला 'ओके' या अल्बमसाठी मर्क्युरी पुरस्कार मिळाला. तबला आणि ड्रम अँड बेस एका पानात. दोन वर्षं आधी, १९९७ साली, हाच पुरस्कार ब्रिस्टलच्या रोनी साइझ आणि रेप्राझेंटने 'न्यू फॉर्म्स'साठी घेतला होता. मावसभावाने जहाजावरून आणलेली त्याची कॅसेट माझ्याकडे फीत झिजेपर्यंत वाजली. तलविनची बातमी वाचून मीही तबला घालून पाहिला. वाईट झालं. लग्नाच्या जेवणात आइस्क्रीमवर रस्सा सांडावा तसं.

बाबांनी एकदा विचारलं होतं, "हे ड्रम वाजवलेत कुणी?" मी म्हटलं, "कॉम्प्युटरने." ते हसले. "हात आहे हा. कधी पुढे पडतो, कधी मागे. मशीन असं करत नाही."

तो हात द विन्स्टन्सचे ड्रमवादक ग्रेगरी कोलमन यांचा. हे मला फार उशिरा कळलं. २००६ साली अटलांटात ते बेघर अवस्थेत वारले. त्या सात सेकंदांचा एक पैसा त्यांना मिळाला नाही. बँडचे रिचर्ड स्पेन्सर यांच्यासाठी २०१५ साली ब्रिटनमध्ये चाहत्यांनी वर्गणी काढली, २४ हजार पाउंड जमले. कोलमन त्याआधीच गेले होते.

मागच्या दिवाळीत माळ्यावरच्या डब्यात त्या गाण्याची फ्लॉपी सापडली आणि नवल म्हणजे वाचता आली. फास्टट्रॅकरमध्ये प्रत्येक वाद्याला नाव देण्यासाठी एक रकाना असतो. आम्ही पोरं तिथे वाद्यांची नावं कमी आणि स्वतःचे निरोप जास्त लिहायचो. माझ्या गाण्यात त्या रकान्यात माझं नाव आहे, आमच्या बिल्डिंगचा नंबर आहे, पिंपरी १८ आहे, ज्या मुलीला ते कधीच ऐकवलं नाही तिचं आद्याक्षर आहे. ड्रमच्या ओळीत लिहिलंय, 'ढोल १'.