करड्यात काय दिसतं?

गोंदिया जिल्ह्यात कॅमेरा गळ्यात अडकवून फिरणाऱ्याला विषयांचा तोटा नाही. नवेगाव-नागझिऱ्याचं जंगल हाताशी आहे. हिवाळ्यात तलावांवर पाहुणे पक्षी उतरतात. महाराष्ट्रात प्रामुख्याने याच भागात उरलेला सारस आहे. शिवाय धानाच्या बांध्या, राईस मिलचे धुरकट गाळे आणि मुंबई-हावडा मार्गावरचं रात्रंदिवस जागं असणारं स्टेशन. इथले काही हौशी छायाचित्रकार अलीकडे हौसेने काळ्या-पांढऱ्याकडे वळले आहेत. पण फोटो दाखवला की ऐकू येतं ते ठरलेलंच. ‘मस्त ना भाऊ’, ‘लय भारी’, ‘एक नंबर’. दाखवणारा सुखावतो आणि पुढचा फोटो पहिल्यासारखाच काढतो.

कोणी जास्त का बोलत नाही, हे समजण्यासारखं आहे. गाव लहान असलं की सगळे एकमेकांचे. ज्याच्या फोटोत खोट काढायची, तो आपल्याच आळीतला किंवा सोयरा असतो, नाहीतर पुढच्या लग्नसराईत सोबत काम करणारा. वयाने मोठ्या माणसाला ‘दादा, हे जमलं नाही’ म्हणायला जीभ रेटत नाही. म्हणून फोटोवर नीट बोलण्याची रीत मुद्दाम शिकावी लागते. काळ्या-पांढऱ्याच्या बाबतीत तिची पहिली पायरी म्हणजे करडा रंग वाचता येणं.

एकमेकांना फोटो दाखवून चर्चा करण्याची परंपरा आपल्याकडे चांगली जुनी आहे. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये निघाली आणि पाठोपाठ तिचं नियतकालिकही सुरू झालं. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्या सभासदांपैकी होते. फोटो काढणं तेव्हा काच, रसायनं आणि उन्हाचा खेळ होता. आपला अनुभव दुसऱ्याला सांगणं आणि दुसऱ्याचा ऐकणं याशिवाय तो शिकण्याचा फारसा मार्ग नव्हता. पुढे विसाव्या शतकात स्पर्धा आणि सलॉन, म्हणजे निवडक फोटोंची प्रदर्शनं, यांचं युग आलं. परीक्षक बसतात, गुण देतात, चित्र स्वीकारलं जातं किंवा नाकारलं जातं. या पद्धतीने अनेकांना उमेद दिली, हे खरं. पण नाकारलेल्या फोटोसोबत कारण सहसा येत नाही, आणि हौशी माणसाला हवं असतं ते नेमकं कारण.

तर करडा. घरातला एखादा फार जुना फोटो काढून पाहा. पणजीच्या कपाळावरचं कुंकू त्यात कुळकुळीत काळं दिसतं. त्या काळच्या काचा आणि सुरुवातीच्या फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या होत्या, त्यामुळे लाल ते सगळं काळं उतरे आणि निळं आभाळ पांढरंफटक. सगळे रंग ओळखणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा १९०६ च्या सुमारास बाजारात आल्या, तरी जुनी सामग्री त्यानंतरही बरीच वर्षं वापरात होती. आज संगणक रंगीत फोटो काळा-पांढरा करतो, तोही हिशोबाने. नेहमीच्या एका सूत्रात लालचा वाटा सुमारे ३० टक्के, हिरव्याचा ५९ आणि निळ्याचा ११ धरतात. हे आकडे पाठ करायची गरज नाही, पण त्यांचा परिणाम ठाऊक हवा. सारसाचं लालभडक डोकं आणि मागचं हिरवं धान हे डोळ्यांना दोन टोकांचे रंग वाटतात. काळ्या-पांढऱ्यात मात्र दोन्ही जवळपास एकाच करड्यात उतरू शकतात, आणि पक्ष्याची ओळखच पुसली जाते. अशा फोटोला ‘मजा नाही आली’ म्हटल्याने काही होत नाही. ‘डोकं मागच्या धानात मिसळलंय, लाल रंगाची पट्टी उजळ करून पाहा’ असं म्हटलं, तर फोटो काढणारा ते त्याच संध्याकाळी करून पाहू शकतो.

अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या आसपास गडद काळ्यापासून शुभ्र पांढऱ्यापर्यंत अकरा पायऱ्यांची एक पद्धत बसवली. शून्य म्हणजे निव्वळ काळा, पाचवी पायरी मधला करडा, दहावी म्हणजे कोरा कागद. फोटोवर बोलताना ही पद्धत फार उपयोगी पडते. ‘फोटो डल आहे’ याऐवजी ‘यात पहिली-दुसरी पायरी कुठेच नाही, सगळं चार ते सातमध्ये अडकलंय’ असं सांगता येतं. ॲडम्स स्वतःही एका प्रिंटवर थांबले नाहीत. न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा १९४१ मधला त्यांचा फोटो जगभर गाजला. त्याचं आभाळ पुढच्या वर्षांतल्या प्रिंटमध्ये ते अधिकाधिक गडद करत गेले.

आता एक फोटो जवळून पाहू. विषय आपल्याकडचा, रोवणीचा. आषाढातली बांधी, चिखलात ओळीने वाकलेल्या आठ-नऊ बाया, डोक्यावर प्लास्टिकचे कागद, हातात पऱ्ह्यांच्या जुड्या. डाव्या कडेला धुऱ्यावर मोटारसायकल उभी आहे. आभाळ सपाट पांढरं. ओळीतल्या तिसऱ्या बाईने मान वर करून थेट कॅमेऱ्याकडे पाहिलंय.

पाहणारे लगेच मोटारसायकलवर तुटून पडतात. ‘ती कापून टाक.’ सूचना कदाचित बरोबरही असेल, पण ती पहिली नको. लिझ लर्मन या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेने १९९० मध्ये कलाकृतीवर बोलण्याची चार टप्प्यांची रीत मांडली. ती फोटोलाही चपखल बसते. आधी पाहणाऱ्यांनी सांगायचं की चित्रात काय लक्षात राहिलं, काय भिडलं. मग चित्रकर्त्याने प्रश्न विचारायचे. मग पाहणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे, पण आपलं मत त्यात दडवायचं नाही. शेवटी मत, तेही ‘या बाबतीत मला एक वाटतं, सांगू का?’ असं विचारून.

या रीतीने रोवणीचा फोटो पाहिला की चर्चा पहिल्यांदा तिसऱ्या बाईवर येते. सगळ्यांची नजर तिच्यावरच जाऊन थांबली होती, हे फोटो काढणाऱ्याला तेव्हा कळतं. तो विचारतो, ‘तिचा चेहरा सावलीत गेलाय का?’ गेलाय. प्लास्टिकच्या कागदाखाली चेहरा दुसऱ्या पायरीवर आहे आणि पाण्यातली चमक नवव्या. तिसऱ्या टप्प्यातला प्रश्न कसा विचारायचा, यावर सगळं अवलंबून असतं. ‘आभाळ एवढं पांढरं का ठेवलंस?’ हा प्रश्न नाही, तो ठपका आहे. ‘आभाळाचं काय करायचं ठरवलं होतंस?’ असं विचारलं की तो खरं सांगतो, की आभाळाकडे त्याचं लक्षच नव्हतं, त्याला बायांची ओळ हवी होती. मग उत्तर त्याच्याच हाती येतं. कॅमेरा थोडा खाली वळवायचा, आभाळ जवळपास काढून टाकायचं आणि पाण्यातलं प्रतिबिंब घ्यायचं. मोटारसायकलचा प्रश्न त्यानंतर येतो. मला स्वतःला ती राहावी असं वाटतं. रोवणी आजच्या काळातली आहे हे ती सांगते, आणि शेतीचा प्रत्येक फोटो पन्नास वर्षं जुना दिसायलाच हवा, असा काही नियम नाही.

हा मुद्दा मला जिव्हाळ्याचा आहे. बिडी वळणारी बाई, तेंदूपानांचं ओझं, म्हाताऱ्या धिवराच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, हे सगळं रंग काढून घेतला की आपोआप गंभीर भासतं. गरिबी देखणी आणि जुनाट होते. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे काळे-पांढरे फोटो काढले. त्यात काम दिसतं, काम करणारा माणूस दिसतो, आणि त्याला कशात उतरावं लागतं तेही लपत नाही. म्हणून अशा फोटोवर बोलताना मी एवढंच विचारते, की या बाईबद्दल आपल्याला काय कळलं? सुरकुत्यांपलीकडे काही कळलं नसेल, तर प्रिंट कितीही सुरेख असो, तेवढं सांगायलाच हवं.

आणि काही फोटोंना काळं-पांढरं करूच नये. सालेकसा तालुक्यात माघ पौर्णिमेला कचारगडची यात्रा भरते. गोंड समाजाचे लोक अनेक राज्यांतून येतात, आणि डोंगराची वाट पिवळ्या शेल्यांनी, पिवळ्या फेट्यांनी, झेंड्यांनी भरून जाते. तिथे पिवळा ही ओळख आहे, श्रद्धा आहे. काळ्या-पांढऱ्यात पिवळा जवळजवळ पांढरा होतो, आणि कुठलीही पांढऱ्या कपड्यांतली गर्दी दिसू लागते. ‘रंग का काढलास?’ याचं उत्तर ‘भारी दिसतं म्हणून’ असेल, तर तो फोटो पुन्हा रंगात पाहायला सांगावा.

ऐकणाऱ्याचंही काम असतं. फोटो मांडला की आधी गप्प बसावं. ‘तेव्हा ऊन फार होतं’, ‘लेन्स भाड्याची होती’ ही वकिली पाहणाऱ्याला त्याने खरोखर काय पाहिलं ते विसरायला लावते. बोललेलं लिहून घ्यावं, लगेच मान्य करू नये आणि लगेच झटकूही नये. तिघांनी वेगवेगळ्या शब्दांत एकाच कोपऱ्याकडे बोट दाखवलं, तर त्या कोपऱ्यात काहीतरी आहे. एकाच माणसाला आवडलं नाही, तर ती त्याची आवड असू शकते. शक्य असेल तर कागदावरचा प्रिंट दाखवावा. मोबाइलचा उजेड दुपारी एक असतो आणि रात्री दुसराच, त्यामुळे करड्यावरचं बोलणं हवेत जातं.

आणि फक्त छायाचित्रकारांनाच विचारू नये. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला राहिले, तेव्हा इथल्या माणसांकडून पाखरांबद्दल शिकत राहिले. जाळं फेकणाऱ्या धिवराचा फोटो धिवरालाच दाखवा. छायाप्रकाशाबद्दल तो काही बोलणार नाही, पण जाळं पूर्ण उघडायच्या आधीच बटण दाबलंय, हे तो एका नजरेत सांगेल.

राहिला घरट्याचा फोटो. सारस पावसाळ्यात धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या काठाशी घरटं करतो, बहुतेक वेळा दोन अंडी घालतो. माणूस जवळ गेला की जोडी उठते, आणि तेवढ्यात कावळ्याला संधी मिळते. असा फोटो समोर आला की त्याच्या करड्यावर, मांडणीवर मी काही बोलत नाही. किती अंतरावरून काढला, कोणती लेन्स होती, शेतमालकाला विचारलं होतं का, एवढंच विचारते. उत्तर समाधानकारक नसेल, तर तो फोटो कोणाला दाखवू नकोस आणि ती जागा कोणाला सांगू नकोस, असं स्पष्ट सांगते, मग समोरचा वयाने कितीही मोठा असो.